हिरव्या कणांची वंशावळ

बटाटे कांहीं दिवस उजेडांत पडून राहिले कीं त्यांची साल हिरवट होते. हिरवी मिरची झाडावरच राहिली तर तांबडी होते. गृहिणीच्या नित्य परिचयाच्या या दोन्ही गोष्टी वनस्पतींच्या पेशींतील एकाच कुळांतल्या सूक्ष्म कणांनीं घडविलेल्या आहेत. या कणांना लवकें म्हणतात.

हिरवीं लवकें सूक्ष्मदर्शकाखालीं पुष्कळांनीं पाहिलीं होतीं. हुगो फॉन मोल यानें १८३७ सालीं त्यांचें नीट वर्णन केलें; पुढें युलिउस झाक्स यानें प्रकाशांत त्यांच्या पोटीं पिष्ट तयार होतें हें दाखविलें. परंतु हे कण येतात कोठून? पेशींतील जीवद्रव्यांतून ते दर वेळीं नव्यानें बनतात, असाच समज रूढ होता.

१८८३ सालीं वयाची तिशीही न गांठलेल्या आन्द्रेआस शिम्पर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें त्या समजाला धक्का दिला. लवक हें आधींच्या लवकाचें विभाजन होऊनच जन्मास येतें, असें त्यानें प्रतिपादिलें. हिरवीं तीं हरितलवकें, पिवळीं-तांबडीं तीं वर्णलवकें, रंगहीन तीं श्वेतलवकें, असे त्यानें तीन वर्ग पाडले. पण खरी मौज या भेदांत नाहीं. बटाट्यांतील पिष्ट सांठविणारें श्वेतलवक उजेडांत हरितलवक बनतें आणि मिरचींतील हरितलवक पिकतांना वर्णलवक होतें. सोंगें निराळीं, कूळ एकच!

त्याच निबंधाच्या एका तळटीपेंत शिम्परनें जातां जातां लिहिलें कीं, लवकें खरोखरच कधीं नव्यानें उत्पन्न होत नसतील, तर वनस्पतीशीं त्यांचें नातें कांहींसें सहजीवनासारखें मानावें लागेल. रशियाच्या कॉन्स्टान्टिन मेरेझ्कोव्स्की यानें १९०५ सालीं हाच विचार उघड सिद्धान्त म्हणून मांडला: लवकें हीं पुरातन काळीं दुसऱ्या पेशींत शिरून तेथेंच नांदलेल्या नीलहरित सूक्ष्मजीवांची संतति होय. बहुतेक विद्वानांनीं हा कल्पनाविलास ठरविला. त्यांना फारसा दोषही देतां येत नाहीं. पडताळ्याचें साधनच तेव्हां नव्हतें.

तें पुढें हातीं आलें. १९६२ सालीं रिस आणि प्लॉट या दोघां संशोधकांना एका शैवालाच्या हरितलवकांत डी.एन.ए. हें आनुवंशिक द्रव्य आढळलें. १९६७ सालीं लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीचा, अनेक नियतकालिकांनीं परत केलेला निबंध अखेर छापला गेला आणि जुना वाद पुन्हा उभा राहिला. १९७५ च्या सुमारास लवकांतील आर.एन.ए. ताडून पाहतां त्याचें साम्य नीलहरित जीवाणूंशींच निघालें. तळटीप लिहिणारा शिम्पर १९०१ सालींच, वयाच्या ४५ व्या वर्षीं, बाझेल येथें निवर्तला होता.