चपटे स्पीकर: आधी खोली मोजा, मग किंमत विचारा

मुर्री (जि. गोंदिया), प्रतिनिधी - भिंतीलगत तसबिरीसारखा उभा राहणारा चपटा स्पीकर जागा वाचवतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो अनेकदा पेटीच्या स्पीकरपेक्षा अधिक जागा मागतो. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीतील दहा बाय बाराची खोली असो वा महानगरातील सदनिकेचा हॉल, खरेदीपूर्वी हा हिशेब करणे अगत्याचे आहे.

प्रकार कोणते?

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये धातूच्या दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये अत्यंत पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो व त्यावर हजारो व्होल्टचा विद्युतभार असतो. ब्रिटनच्या क्वाड कंपनीचा असा स्पीकर १९५७ मध्ये बाजारात आला. प्लेनर मॅग्नेटिक प्रकारात पडद्यावर बारीक तारा चिकटवलेल्या असतात व जवळच चुंबकांच्या रांगा असतात. १९६९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील मॅग्नेपॅन ही कंपनी यासाठी ओळखली जाते. ताठ फलकालाच कंपने देणारा तिसरा प्रकार भिंतीवर टांगता येतो. मात्र त्याचा खर्जातील आवाज तोकडा असतो.

खोली किती मोठी हवी?

पहिल्या दोन प्रकारांतून पुढे व मागे सारखाच आवाज निघतो. स्पीकर भिंतीला चिकटवल्यास परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून स्पष्टता जाते. एक मीटर अंतर ठेवल्यास प्रतिध्वनी सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो व कानाला तितका खटकत नाही. मागे तीन फूट आणि समोर बसण्यासाठी सात-आठ फूट धरले, की बारा फुटांची लांबी जवळपास संपते. कपाट, पलंग असलेल्या खोलीत हे अवघडच. बारा बाय सोळाची खोली त्यामानाने सोयीची.

खर्जाचे सूर पुढून-मागून एकमेकांना छेदतात. त्यामुळे छोट्या फलकाला सबवूफरची जोड लागते. शिवाय बारा फुटांची खोली ४७ हर्ट्झच्या आसपास, तर दहा फुटांची ५६ हर्ट्झच्या आसपास घुमते. जमेची बाजू अशी, की या स्पीकरमधून बाजूला आवाज कमी जातो व बाजूच्या भिंतींचा त्रास घटतो. फरशीवर सतरंजी व खिडकीला जाड पडदा असल्यास अधिक उत्तम.

टिकाऊपणाचा प्रश्न

विदर्भाचा उन्हाळा आणि पूर्वेकडील भरपूर पाऊस या दोन्ही गोष्टी या यंत्रांच्या मुळावर येणाऱ्या आहेत. विद्युतभारित पडदा धूळ ओढून घेतो. त्यात दमट हवा मिळाली, की भार गळतो, आवाज मंदावतो, प्रसंगी ठिणग्याही उडतात. प्लेनर मॅग्नेटिकमध्ये उष्णता, ऊन व वय यांमुळे तारांचा गोंद सुटतो आणि आवाजात खरखर येते. भात गिरण्यांच्या परिसरात धुळीपासून जपावे. वापर नसताना आच्छादन घालावे, थेट ऊन टाळावे, उंदरांचा बंदोबस्त करावा. इलेक्ट्रोस्टॅटिक संच घरी उघडणे धोक्याचे आहे. वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो.

जुना संच घेताना दोन्ही बाजू किमान तासभर वाजवून पाहाव्यात. एका बाजूचा आवाज क्षीण असल्यास पडदा बदलावा लागण्याची शक्यता असते. सुटे भाग व कारागीर कोठे मिळतील, याची चौकशी सौदा ठरण्यापूर्वीच करावी. अन्यथा स्वस्तात मिळालेला संच भिंतीची निव्वळ शोभा ठरेल.