पित्त म्हणतात त्याला

आमच्या मुरगूडला ‘पित्त झालंय’ म्हटलं, की पुढं कुणी काही विचारत नसे. डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त आणि छातीत जळजळलं तरी पित्तच! तांबडा रस्सा जरा जास्त झाला, की आमचे अब्बा पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकत आणि फसफसतं पाणी एका दमात पीत. मोठी ढेकर येई. ‘गेलं बघ पित्त,’ म्हणत ते कामाला लागत.

हे दुखणं जुनंच. ‘माधवनिदान’ या ग्रंथात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. आंबट ढेकरा, घशाशी आणि छातीत जळजळ, ही लक्षणं त्यात दिलेली आहेत. वैद्य सूतशेखर देत, शंखभस्म देत. पोटातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलं. सोडा, शंखभस्म किंवा बाटलीतलं गुलाबी औषध, सगळ्यांचं काम एकच, तयार झालेलं आम्ल मारायचं. पण ते तयारच होऊ नये यासाठी काय करायचं?

याचं उत्तर जेम्स ब्लॅक यांनी शोधलं. आम्ल सोडा, असा पोटातल्या पेशींना निरोप देणारा एक पदार्थ असतो, हिस्टॅमिन. ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या निरोपाचीच वाट अडवली. त्यातून आलेलं सिमेटिडिन हे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. पाठोपाठ १९८१ मध्ये रॅनिटिडिन आलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट होतं. त्यामुळं देशी कंपन्यांना हे औषध वेगळ्या पद्धतीनं बनवता आलं. मुंबईच्या जे. बी. केमिकल्सची रॅन्टॅक तर घराघरांत पोचली. १९८८ मध्ये स्वीडनहून ओमेप्राझोल आलं. त्यानं आम्ल बाहेर टाकणारा पेशीतला पंपच बंद केला.

पोटातल्या व्रणाचं खापर मात्र तिखटावर आणि काळजीवर फुटतच राहिलं. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणाले, त्यामागं जंतू आहे. कुणी मानेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन दाखवले आणि पोटाला सूज आणली! २००५ चं नोबेल या दोघांना मिळालं. उलट ज्या रॅनिटिडिनवर सगळ्यांचा भरवसा, त्यात कर्करोगाची भीती असलेला घटक सापडला आणि २०२० मध्ये अमेरिकेनं ते बाजारातून काढायला लावलं. आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये गेलं.

मंडळी, एवढं शास्त्र पुढं गेलं, पण आपला शब्द एकच राहिला, पित्त. एका पावसाळ्यात पहाटे अब्बांच्या छातीत जळजळू लागलं. अंगाला दरदरून घाम. ‘पित्तच आहे,’ म्हणाले. त्यांनी सोडा घेतला, वर मी गोळी दिली. ढेकर आली, जळजळ गेली नाही. आम्ही तासभर वाट पाहिली. मग गाडी मिळवून कोल्हापूरला पोचेतो उशीर झाला होता. दुखणं पोटाचं नव्हतं, हृदयाचं होतं.

गोळी आजही माझ्या खिशात असते. पण छातीत जळजळीबरोबर घाम फुटला, धाप लागली, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर गोळी शोधत बसू नका. आधी गाडी शोधा.