तोड्याच्या बंदुकीपासून परवान्याच्या बंदुकीपर्यंत : गृहरक्षणाच्या शस्त्राचा एक शब्देतिहास

बंदुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लष्करी इतिहासाचा एक भाग म्हणून लिहिला गेला आहे. रणांगणावर ती केव्हा आली, गारदी कोणाच्या पदरी होते, तोफखान्याची व्यवस्था कशी होती, या प्रश्नांचा विचार पुष्कळ झाला. परंतु आपले घर राखण्यासाठी गृहस्थाने कोणते शस्त्र निवडावे, आणि ती निवड त्याच्या हाती कितपत होती, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार दोन साधनांच्या आधारे करावयाचा आहे : एक कायद्याची भाषा आणि दुसरे बंदुकीची मराठीतील नावे.

प्रथम नावांकडे वळू. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ एक लहानसे कवचीचे फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून गोळी फेकणारे यंत्र असा अर्थविस्तार झाला. ‘दारू’ म्हणजे फारसीत औषध. ‘तोफ’ तुर्की आहे, तर ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे पोर्तुगीजांचे देणे होय. नामे अशी परदेशची असली तरी भेद दाखविणारी विशेषणे मात्र मराठीने आपल्या षष्ठीच्या प्रत्ययाने घडविली : तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक, काडतुसाची बंदूक. बार कसा उडतो किंवा बंदूक कशी भरली जाते, एवढेच ही विशेषणे सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘ठासणीची’ हे नाव ठासणीच्या बंदुकीबरोबर जन्माला आलेले असणे संभवत नाही. नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासणे ही क्रिया तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकीतही होतीच. सर्वच बंदुका ठासाव्या लागत होत्या, तोवर त्या गुणाने एखादीला वेगळे काढण्याचे प्रयोजन नव्हते. मागून भरावयाचे काडतूस आले तेव्हा जुन्या बंदुकीला नव्या नावाची गरज पडली. म्हणजे जुन्या वस्तूचे बारसे नवी वस्तू करते. म्हणून एखादे नाव भाषेत दीर्घकाळ टिकलेले दिसले, तर त्या काळात जुनी व नवी अशा दोन्ही वस्तू शेजारी शेजारी नांदत होत्या, असे अनुमान काढता येते. ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द मराठी मुलखात आजही जिवंत आहे. जगातील सैन्यांनी एकोणिसाव्या शतकातच टाकून दिलेले हे शस्त्र आपल्या शेतकऱ्याच्या घरी का राहिले? त्याच्या आवडीमुळे की आणखी कशामुळे?

आवडीचाच प्रश्न असता तर गृहरक्षणासाठी जुन्या बंदुकीची निवड फारशी कोणी केली नसती. तोड्याची बंदूक उडविण्यास सोऱ्यात भिजवून वाळविलेल्या दोरीचे टोक धुमसत ठेवावे लागे. चढाईला निघालेल्या शिपायाला ते शक्य होते. मध्यरात्री झोपेतून उठणाऱ्या गृहस्थाला नव्हे. कोकणातील पावसाळ्यात तर रंजकाची दारू कोरडी राखणे हेच एक काम. शिवाय एक बार उडाला की बंदूक पुन्हा भरीपर्यंत ती हातातील लोखंडी काठीच होय. म्हणून पेशवाईअखेरपर्यंत घराचे रक्षण मुख्यतः शस्त्रावर नव्हे, तर बांधणीवर आणि माणसांवर अवलंबून होते. गावकूस, गढीच्या भिंतीतील जंग्या, वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतला अडसर ही त्या रक्षणाची अंगे होती. गावात जागल्या किंवा रामोशी असे. चोरी झाल्यास माग काढून तो पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचविणे, अथवा नुकसान भरून देणे, ही त्याची जबाबदारी मानली जाई. गृहरक्षण हे एकट्या घराचे नव्हे, तर गावाचे कर्तव्य होते.

इंग्रजी अमदानीत ही व्यवस्था मोडत गेली. या संदर्भात १८६० हे वर्ष विशेष महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी संमत झालेल्या भारतीय दंडसंहितेने प्रत्येकाला स्वतःच्या देहाचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीत तर काही मर्यादांच्या आत तो हक्क प्राण घेण्यापर्यंत पोचत होता. आणि त्याच १८६० साली झालेल्या एकतिसाव्या कायद्याने शस्त्रे व दारूगोळा बाळगण्याचे नियमन करून विशिष्ट प्रसंगी प्रांतच्या प्रांत निःशस्त्र करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. एका कायद्याने हक्क दिला, दुसऱ्याने साधनावर हात ठेवला. पुढे लिटनच्या कारकीर्दीत, १८७८ साली, ‘हत्यारांचा कायदा’ झाला आणि परवान्याची पद्धत देशभर पक्की झाली. त्यातील व्याख्येत बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाणही आले होते. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनात काँग्रेसने या प्रश्नावर ठराव केला. त्यामागे केवळ गैरसोयीची तक्रार नव्हती. आपल्यावर विश्वास नाही, हे शल्य होते.

तो विश्वास सरकारला का नव्हता, याचे उत्तर पुणे जिल्ह्यात सापडते. उमाजी नाइकांना १८३२ मध्ये पुण्यास फाशी झाली. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीवर छापा घातला, तोही रामोश्यांना बरोबर घेऊन. ज्यांच्याकडे गाव राखण्याचे वतन होते, त्यांचेच वंशज आता सावकारांच्या घरांवर चालून जात होते. राखणदाराचे वतन संपुष्टात आले आणि गृहस्थाच्या हातात शस्त्रही आले नाही. मधल्या पोकळीत पोलीस उभा राहिला. परंतु प्रत्येक वाडीवस्तीवर तो रात्री उभा राहू शकत नव्हता.

स्वातंत्र्याच्या चळवळीने हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला होता. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तशा आशयाची उपसूचना मांडली. प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र निर्वेध विकत घेता आले तर राज्यकारभार चालणार कसा, हा डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा रोख होता. उपसूचना फेटाळली गेली. परवाना राहिला, पण तो आता परक्या राज्यकर्त्याचा नव्हता.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात निवडीचा प्रश्न खुद्द कलमांतच उतरला. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी आतून खाचा नसलेल्या, किमान वीस इंच नळीच्या बंदुकीचा आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख मूळ अधिनियमाने केला. ठासणीच्या बंदुकीच्या दीर्घायुष्याचे कारण येथे मिळते. तिची निवड शेतकऱ्याच्या आवडीपेक्षा परवान्याच्या रकान्याने केली होती. त्याच अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी, शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या. मराठीत ‘हत्यार’ म्हणजे शस्त्रही आणि अवजारही. जी सीमा भाषेने आखली नव्हती, ती कायद्याला आखावी लागली.

या कालखंडात आपल्या नाममालिकेत आणखी एका नावाची भर पडली : ‘परवान्याची बंदूक’. प्रत्यय तोच, षष्ठीचा. परंतु अर्थाची जात पालटली. तोडा, चकमक, ठासणी, काडतूस ही बंदुकीची अंगे किंवा तिच्या क्रिया होत. परवाना हा बंदुकीत कोठेच नसतो. तो कचेरीत असतो. आणि वर सांगितलेल्या नियमानुसार या नव्या नावाने परवाना नसलेल्या बंदुकीलाही एक ओळख दिली : ‘गावठी’. एके काळी गाव हाच घराचा राखणदार होता. आज त्याच शब्दापासून बनलेले विशेषण बेकायदा शस्त्राला लागते. राखणदारीच्या अधिकाराचे गावाकडून सरकारकडे झालेले स्थलांतर या एका शब्दात नोंदले गेले आहे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. रात्रीच्या घरफोडीविरुद्ध रक्षण करण्याचा हक्क तिनेही कायम ठेवला आहे, आणि बंदुकीसाठी परवानाही आवश्यक आहेच. १८६० साली एकाच वर्षी जन्मलेली ही दोन तत्त्वे आजही परस्परांशी पुरती समेटलेली नाहीत. कोणते शस्त्र बरे, हा प्रश्न गृहस्थाला तांत्रिक वाटतो. आपल्याकडील इतिहास मात्र असे दाखवितो की तो प्रश्न त्याच्यापर्यंत येण्यापूर्वीच बराचसा सुटलेला असतो. तो कोणी सोडविला, हे कागदपत्रांइतकेच बंदुकीच्या नावांतूनही शोधता येते.