प्रकाशाने उमटणारा ठसा



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांस चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. विषय कोणता घ्यावा, या विवंचनेत असतानाच मुद्रिते तपासण्याच्या निमित्ताने जळगावातील एका छापखान्यात जाण्याचा योग आला आणि विषय आपोआप हाती लागला. ज्या यंत्रावर या स्मरणिकेच्या प्लेटा तयार होतात, ते यंत्र त्या दिवशी आम्ही प्रथमच जवळून पाहिले. त्यास प्लेटसेटर असे नाव असून छापखान्यातील मंडळी त्यास नुसते ‘सीटीपी’ म्हणतात. मोठ्या लोखंडी पेटीसारखा त्याचा आकार. एका बाजूने ॲल्युमिनियमचा कोरा पत्रा आत जातो, आत लेसर किरण त्यावर पान रेखाटतो आणि थोड्याच मिनिटांत सबंध पान अंगावर घेऊन तो पत्रा बाहेर येतो. खिळे नाहीत, ब्लॉक नाही, फिल्म नाही. आम्ही थक्क होऊन पाहत राहिलो.

परंतु आपल्या मंडळाच्या संस्थापक अध्यक्षांचे पान समोर आले, तेव्हा आमचा आनंद मावळला. त्यांच्या चेहऱ्यावर चौकड्यांची एक जाळी पसरली होती. यंत्र बिघडले असावे, असे आम्ही म्हणालो. यंत्रावरचा तरुण नम्रपणे उत्तरला, “सर, यंत्र ठीक आहे. तुम्ही दिलेला हा फोटो नाही, छापलेलं चित्र आहे. मूळ फोटो असेल तर आणा, चेहरा स्वच्छ येईल.” मूळ फोटो नाही. तो का नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. परंतु ते समजण्यासाठी या विद्येचा इतिहास प्रथम थोडा पाहिला पाहिजे.

प्रकाशाकडून छपाईचे काम करवून घेण्याची युक्ती दोनशे वर्षांची आहे. फ्रान्स देशात निसेफोर नीप्स नावाचा एक खटपटी गृहस्थ होता. डांबराच्या जातीच्या एका पदार्थाचा पातळ लेप धातूच्या पत्र्यावर देऊन तो उन्हात ठेवला, तर जेथे ऊन लागते तेथे लेप घट्ट होतो आणि जेथे सावली असते तेथील लेप तेलाने धुऊन निघतो, हे त्याच्या ध्यानी आले. १८२६ साली त्याने एका जुन्या खोदचित्राची प्रत याच रीतीने पत्र्यावर उतरविली. उजेडाने लेप बदलावा आणि सावलीतला भाग निराळा राहावा, हेच या विद्येचे बीज होय. पुढे लेप बदलले, धातू बदलले, सूर्याच्या जागी विजेचे दिवे आणि दिव्यांच्या जागी लेसर आला. परंतु बीज तेच राहिले.

ही विद्या आपल्या खानदेशात प्रथम कोणत्या वाटेने आली? आमच्या मते ती शेताच्या बांधावरून आली. इंग्रज सरकारने खानदेशात जमिनीची पाहणी व मोजणी आरंभिली, तेव्हा रयतेच्या मनात मोठा संशय उत्पन्न झाला. साखळी घेऊन येणारा मनुष्य सारा वाढविणार, अशी लोकांची धास्ती होती. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत रयत हजारोंनी जमली व मोजणीस तिने उघड विरोध केला. सरकारने फौज आणून तो मोडून काढला. आपल्याही पूर्वजांपैकी कोणी त्या जमावात उभे असतील. पुढे मोजणी झालीच. तेहतीस फुटी साखळी शेतोशेती फिरली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब घरोघर पाठ झाला.

मोजणीचे नकाशे हाताने काढलेले असत. एकेका नकाशाच्या अनेक प्रती हाताने काढावयाच्या तर वेळ फार जाई आणि प्रत्येक नकलेत चूक शिरण्याचे भय असे. इंग्लंडात साउदॅम्प्टन येथील मोजणी खात्याने १८६० च्या सुमारास यावर तोड काढली. तिचे नाव फोटोझिंकोग्राफी. नकाशाचे मोठ्या कॅमेऱ्याने काचेवर छायाचित्र घ्यावयाचे. ती काच जिलेटिन व बायक्रोमेट यांचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरावयाची. मग त्या कागदास सर्वत्र तेलकट शाई लावून तो कोमट पाण्यात धुवावयाचा. ऊन लागलेल्या रेषा घट्ट झालेल्या असल्याने शाई धरून राहतात. बाकीचे जिलेटिन शाईसह वाहून जाते. तो ठसा जस्ताच्या पत्र्यावर दाबून उतरविला की छपाईस प्लेट तयार. हीच विद्या मुंबई इलाख्यासाठी पुण्यास आली. तेथील सरकारी मुद्रणालयाचे फोटोझिंको हे नाव मोठ्या पोस्टाजवळच्या रस्त्यासही चिकटले. गावोगावचे नकाशे अशा रीतीने छापले गेले आणि ज्या साखळीस रयतेने अडविले होते, तिच्याच रेघांत रयतेच्या हक्काचा पुरावा सुरक्षित राहिला.

हा पुरावा कसा उपयोगी पडतो, याचा एक घरचा दाखला देतो. आमचे वडील व त्यांचे चुलतभाऊ यांच्यात बांधावरून अनेक वर्षे अबोला होता. दोन्ही घरे नाल्यास हद्द समजत, आणि नाला तर दर पुराने सरकत होता. १९७९ साली आमच्या आत्याबाईंच्या पेटीत पातळांच्या घडीखाली गावाचा एक जुना छापील नकाशा सापडला. त्यात नाला हद्दीपासून बराच दूर होता. नकाशा पाहून दोघेही वडीलधारे बराच वेळ गप्प बसले. मग रीतसर मोजणी मागविण्याचे ठरले, बांध पडला, आणि त्या वर्षीच्या अक्षय तृतीयेस दोन्ही घरची माणसे एका पंगतीस बसली. तो कागद कोणी रद्दीत दिला असता, तर हा समेट घडता ना.

नकाशात केवळ रेषा असतात. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र उजेडाच्या व सावलीच्या शेकडो छटा असतात. छपाईची शाई तर एकच काळी. यावर उपाय म्हणून चित्र बारीक जाळीतून घेऊन त्याचे ठिपके करण्याची रीत निघाली. गेओर्ग माइसेनबाख या जर्मन गृहस्थाने तिचे पेटंट १८८२ साली मिळविले. गडद भागी मोठे ठिपके, फिकट भागी लहान; दुरून पाहता डोळ्यास छटांचा भास होतो. असे ठिपके जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाने उतरवून बाकीचा भाग आम्लासारख्या द्रावणाने खाववीत, आणि मग तो पत्रा लाकडावर बसवीत. यालाच आपण ब्लॉक म्हणत असू. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके बोलपटापूर्वीच्या चित्रपटांचे जनक म्हणून सर्वांस विदित आहेत. परंतु त्यापूर्वी ते याच विद्येचे कारागीर होते. बडोद्याच्या कलाभवनात ते ही कला शिकले, लोणावळ्यास त्यांनी ब्लॉकचा व छपाईचा कारखाना काढला, आणि १९०९ साली यंत्रांसाठी जर्मनीस जाऊन आले. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा.

आता मुद्रणविद्येची एक मर्यादा खानदेशच्याच उदाहरणाने सांगतो. जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेस वाहिलेले मासिक सुरू केले व ते सुमारे अर्धशतक चालले. त्यांच्या मासिकात केशवसुतांच्या कविता प्रसिद्ध झाल्या. केशवसुत तर आमच्याच पेशाचे. भडगाव व फैजपूर येथे त्यांनी शिक्षकी केली. १९०५ साली ते हुबळीस वारले. त्यांच्या कविता आज घरोघर आहेत, परंतु त्यांचे अस्सल छायाचित्र उपलब्ध नाही. ब्लॉक करणारे होते, छापखाने होते, वाचक होते; मूळ तेवढे नव्हते. याच्या उलट उदाहरण धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास निवर्तले आणि त्यांचे कागद सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच नगरीत शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून मिळवून वाग्देवता मंदिरात जतन केली. खिळ्यांनी मजकूर छापता येतो, हस्ताक्षर नव्हे. हस्ताक्षर दाखवावयाचे तर प्रकाशाचाच ठसा हवा, आणि त्यासाठी मूळ कागद हवा. धुळ्यात तो राखला गेला.

यानंतर ऑफसेट आले. पातळ ॲल्युमिनियमच्या प्लेटवर फिल्म ठेवून, मधली हवा काढून घेऊन वरून प्रखर दिवा लावीत. लहान छापखान्यांत खर्च वाचविण्यासाठी फिल्मऐवजी बटर पेपरही चाले. १९९५ साली जर्मनीतील ड्रुपा या मुद्रण प्रदर्शनात थेट संगणकावरून प्लेट करणारी यंत्रे मोठ्या संख्येने मांडली गेली आणि फिल्मचीही गरज सरली. या यंत्रांपैकी काही जांभळ्या प्रकाशाने, तर काही डोळ्यांस न दिसणाऱ्या ८३० नॅनोमीटर लांबीच्या उष्ण किरणाने काम करतात. इंचात २४०० ठिपके सर्वत्र वापरात आहेत. म्हणजे एक ठिपका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. मात्र ठिपक्यांच्या छापील चित्रावरून पुन्हा प्लेट केली, तर जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके पडतात, दोन्ही जाळ्या एकमेकींत अडकतात आणि चौकड्या उमटतात. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पसरली होती ती हीच जाळी.

आता कबुली. १९८७ सालच्या स्मरणिकेचे काम आमच्याकडे होते. अध्यक्ष त्यापूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या पत्नी, ज्यांस सारा समाज काकू म्हणे, त्यांनी देव्हाऱ्याशेजारची तसबीर स्वतः उतरवून आतील फोटो आमच्या हाती दिला व म्हणाल्या, “गुरुजी, एवढा एकच आहे माझ्याजवळ. आठवणीनं आणून द्या.” आम्ही तो ब्लॉकसाठी पाठविला. स्मरणिका निघाली, परीक्षांचे दिवस आले, आणि आम्ही फोटो आणावयास गेलो तो आठ महिन्यांनी. फोटो सापडला नाही. ब्लॉकही जुन्या जस्ताच्या भावाने मोडीत गेला होता. छापखान्यास दोष देण्यात अर्थ नाही; ठेव आमच्या विश्वासावर दिलेली होती. काकूंनी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी स्मरणिकेतील पान कापून त्याच चौकटीत बसविले आणि अखेरपर्यंत त्यासच हार घातला. यंदा त्यांच्या नातवाने तेच पान आम्हांस आणून दिले. छापखान्यात चौकड्या दिसल्या तेव्हा आम्हांस ती चौकट आठवली.

म्हणून प्रत्येक घरास आमची हात जोडून विनंती आहे. वाडवडिलांचा फोटो, गावनकाशा, मोडी कागद, जे असेल ते पेटीतून काढून पाहावे. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव व वर्ष लिहावे. छापावयास मूळ वस्तू देऊ नये; समोर बसून तिची संगणकावर प्रत करून घ्यावी आणि मूळ त्याच पावली घरी आणावे. संपादक मंडळानेही दिल्याघेतल्याची वही ठेवावी. पहिली वही आम्ही स्वखर्चाने आणून दिली आहे. छपाई संपली की आजची प्लेटही मोडीतच जाते. प्रकाश हजार प्रती करील, परंतु ज्याचे मूळ कोणी सांभाळले त्याच्याच.

अध्यक्षांचे चित्र या अंकात आहे तसेच, चौकड्यांसह, छापावे, असे आम्ही मंडळास सुचविले व मंडळाने ते मान्य केले. कोणा कुटुंबाकडे त्यांचा दुसरा फोटो निघाल्यास कृपा करून कळवावे. आम्ही स्वतः येऊन, समोर प्रत करून, मूळ त्यांच्या हाती ठेवून परतू. इत्यलम्.