बारा पेन्सांची उपासना

ख्रिस्ती माणसानें चर्चमध्यें किती वेळां जावें, हें इंग्लंडांत एके काळीं पार्लमेंटनें ठरविलें होतें. १५५९ च्या कायद्यान्वयें दर रविवारीं व सणाच्या दिवशीं राष्ट्रीय चर्चच्या उपासनेस हजर राहणें सक्तीचें झालें. गैरहजेरीस बारा पेन्स दंड असे. तो गोरगरिबांसाठीं खर्च व्हावयाचा. १५८१ मध्यें त्यांत दरमहा वीस पौंडांच्या जबर दंडाची भर पडली. रोख कॅथॉलिकांवर होता. त्यांपैकीं कित्येक दंड टाळण्यापुरते बांकावर येऊन बसत. प्रभुभोजन मात्र घेत नसत. १६८९ मध्यें बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांना स्वतःच्या प्रार्थनागृहांत जाण्याची मुभा मिळाली. कॅथॉलिकांना १७९१ पर्यंत थांबावें लागलें. हजेरी मोजतां येते. श्रद्धा मोजण्याचें माप पार्लमेंटला कधींच सांपडलें नाहीं.