मासळी शेवटी धक्क्यालाच येते

आमच्या शाळेची सहल मालवणला नेण्याची प्रथा जुनी आहे. घाटावरच्या मुलांना समुद्र दाखवावा, सिंधुदुर्गाच्या तटावरून फिरवून आणावे आणि संध्याकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव पाहून परतीच्या गाडीत बसावे, असा कार्यक्रम ठरलेला. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सहलीत धक्क्यावर मोठी गरमागरमी चालली होती. कर्नाटकातले मोठे ट्रॉलर रात्री किनाऱ्यालगत शिरून मासळी ओरबाडून नेतात, अशी तेथल्या मच्छीमारांची तक्रार होती. आमची मुले घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलणारी. ती जरा बावरली. एकाने माझ्या कानाशी येऊन विचारले, “सर, म्हणजे हे आपल्याकडचेच लोक का?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. शेजारी जाळे सांधत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाने मात्र मान वर न करताच म्हटले, “गुरुजी, दर्यात कोण कोणाक धरतलो? काळोखात सगळे ट्रॉलर सारकेच. पण मासळी शेवटी धक्क्यारच येतली मां! थंय कोण इचारता?”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. पुढे वाचन करता करता ध्यानात आले की, त्या तांडेलाने दोन वाक्यांत जे सांगितले, तेच समजायला जगातल्या सरकारांना कित्येक दशके लागली. त्याचीच ही हकीकत.

बंदरावर कागद तपासण्याची गोष्ट आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोर्तुगीजांनी १५०२ च्या सुमारास हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची पद्धत सुरू केली. जहाज कोणाचे, नाखवा कोण, शस्त्रे किती, माल कोणता, जाणार कोठे, हे सारे त्या कागदावर लिहिलेले असे. पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरण्याचे बंधनही त्याबरोबर येई. कागद नसलेले जहाज चाचेगिरीचे ठरवून पकडले जाई. विजापूरच्या आदिलशाहीला आणि खुद्द अकबर बादशहालाही आपल्या जहाजांसाठी हे परवाने घ्यावे लागले. बरे, परवाना घेतला म्हणून अभय मिळे असेही नाही. १६१३ साली जहांगिराच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ जवळ असतानाही पोर्तुगीजांनी पकडून गोव्याला नेले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाच चाचा म्हणून हिणवले गेले. तात्पर्य, कागद होता, तपासणी होती, पण तिच्यामागे एकाच बाजूची तोफ होती. नियम करणारा एक आणि पाळणारे बाकीचे, असा तो न्याय.

या मक्तेदारीला उत्तर म्हणून डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने १६०९ साली ‘मारे लिबेरुम’ म्हणजे ‘मुक्त सागर’ हा ग्रंथ लिहिला. समुद्र कोणा एकाचा नाही, तो सर्वांना खुला आहे, हा त्याचा सिद्धांत. विचार उदात्त होता. त्यातही डचांचा व्यापारी स्वार्थ होता, ही गोष्ट वेगळी. पण त्या काळी समुद्रातली मासळी कधी संपेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. विसाव्या शतकात इंजिन आले, शीतगृह असलेली जहाजे आली, आणि मुक्त सागराचा अर्थ ‘ज्याची जाळी लांब त्याची मासळी’ असा होऊ लागला.

त्यावर तोड म्हणून १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीचा हक्क त्या त्या देशाला दिला. भारताने तर त्याआधीच, १९७६ च्या कायद्याने, असे क्षेत्र ठरवून घेतले होते. पण त्या रेषेपलीकडे काय? तेथे एक जुना नियम आजही चालतो. खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो बहुतेक बाबतींत त्याच्या निशाणवाल्या देशाचा. मग मालक एका देशात, कंपनी दुसऱ्या देशात आणि निशाण तिसऱ्याच एखाद्या देशाचे, ज्याला त्या जहाजाचे सोयरसुतक नाही, अशी युक्ती निघाली. जहाज पकडले जाईल असे वाटले की नाव पुसून नवे रंगवायचे आणि नवे निशाण चढवायचे.

ही लबाडी कोणत्या थराला गेली, हे पाहायचे तर दक्षिण ध्रुवाकडे जावे लागेल. तेथल्या थंडगार पाण्यात, फार खोलवर, टूथफिश नावाचा मासा राहतो. तो सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो आणि पन्नास वर्षेही जगू शकतो. १९७७ साली एका अमेरिकी व्यापाऱ्याने त्याला ‘चिलियन सी बास’ असे गोंडस नाव दिले आणि हा कुरूप मासा श्रीमंतांच्या ताटात गेला. त्याला इतका भाव आला की खलाशी त्याला ‘पांढरे सोने’ म्हणू लागले. तिथल्या समुद्राची व्यवस्था पाहणारा आयोग १९८२ पासून आहे, आणि २००० सालापासून प्रत्येक टूथफिशबरोबर तो कोठे, कोणी पकडला याचा दाखला लागतो. तरीही चोरी थांबली नाही.

‘थंडर’ हे अशा चोरांतले नामांकित जहाज. १९६९ साली नॉर्वेत बांधलेले. आयुष्यात त्याने ‘टायफून’, ‘कूको’, ‘वुहान नं. ४’ अशी नावे बदलली. आयोगाच्या काळ्या यादीत ते २००६ पासून होते. इंटरपोलने २०१३ साली त्याच्याविषयी सूचना काढली होती. तरी ते समुद्रावर हिंडतच राहिले. १७ डिसेंबर २०१४ रोजी सी शेफर्ड या संस्थेच्या ‘बॉब बार्कर’ जहाजाने त्याला दक्षिण महासागरात जाळी टाकताना गाठले आणि पाठलाग सुरू केला. एकशे दहा दिवस, दहा हजारांहून अधिक सागरी मैल! पाठलाग करणाऱ्यांना ते पकडण्याचा अधिकार नव्हता. ते फक्त मागे राहिले आणि जहाज कोठे आहे ते जगाला कळवत राहिले. मागे पहारा असल्यामुळे ‘थंडर’ला गुपचूप बंदर गाठता येईना. अखेर ६ एप्रिल २०१५ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे या चिमुकल्या बेटदेशाजवळ ते बुडाले. पाठलाग करणाऱ्यांनीच त्यावरच्या चाळीस जणांना वाचवले. जहाज बुडत असताना त्यांनी वर चढून पाहिले, तर दारे उघडी बांधून ठेवलेली. पुरावा समुद्रात जावा म्हणून ते मुद्दाम बुडवले, असाच निष्कर्ष निघत होता. कप्तानासह तिघांना साओ टोमेच्या न्यायालयाने कैदेची शिक्षा आणि सुमारे दीड कोटी युरोचा दंड ठोठावला.

ही कथा सिनेमासारखी आहे खरी. पण प्रत्येक चोरामागे एकशे दहा दिवस कोण धावणार? त्याच मोसमात ‘कुनलुन’ नावाच्या दुसऱ्या जहाजाला आणि त्याच्या दोन साथीदारांना न्यूझीलंडच्या नौदलाने समुद्रात हटकले होते. जहाजवाल्यांनी सैनिकांना वर चढूच दिले नाही. नौदल हात चोळत परतले. मार्च २०१५ मध्ये तेच ‘कुनलुन’ नाव बदलून थायलंडच्या फुकेत बंदरात आले. कागदावर माल लिहिला होता १८२ टन ग्रूपर, म्हणजे आपल्याकडच्या गोबऱ्याच्या जातीची मासळी. तपासणीत निघाला टूथफिश. नौदलाला जे समुद्रात जमले नाही, ते बंदरावरच्या तपासनीसाला जमले. मात्र कथेचा शेवट येथे होत नाही. सप्टेंबरमध्ये ते जहाज सगळ्या मालासकट फुकेतहून निसटले! पुढे दुसऱ्याच नावाने ते आफ्रिकेत सेनेगलला सापडले. बंदर हे फार चांगले कुलूप आहे, पण किल्ली कोणाकडे आहे आणि तो जागा आहे का, यावर सारे अवलंबून.

तांडेलाचा प्रश्न हाच होता. धक्क्यावर कोण विचारतो?

बंदराची ही ताकद जगाने आधी मालवाहू जहाजांच्या बाबतीत ओळखली. मार्च १९७८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ‘अमोको कादिस’ हे तेलवाहू जहाज फुटले आणि दोन लाख टनांहून अधिक तेल समुद्रात गेले. निशाणवाले देश जहाजांकडे लक्ष देत नाहीत, तर बंदरवाल्या देशांनीच ती तपासावीत, या विचाराने १९८२ साली युरोपातल्या चौदा देशांनी पॅरिसला समझोता केला. आपल्या हिंदी महासागरासाठी तसाच समझोता १९९८ साली प्रिटोरियात झाला, आणि त्याचे सचिवालय आहे आपल्या गोव्यात. ज्या गोव्यात कार्ताझ लिहिले जात, त्याच गोव्यातून आज बरोबरीच्या नात्याने एकत्र आलेल्या देशांच्या तपासणीचा मेळ घातला जातो. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठी गंमत कोणती?

मासळीच्या बाबतीत मात्र हे व्हायला आणखी वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ साली जबाबदार मासेमारीची आचारसंहिता केली, २००१ साली बेकायदा मासेमारीविरुद्ध कृती योजना आखली. पण दोन्ही ऐच्छिक. अखेर २२ नोव्हेंबर २००९ रोजी रोममध्ये बंधनकारक करार मंजूर झाला. तो अमलात यायला पंचवीस पक्षांनी तो रीतसर स्वीकारण्याची गरज होती, आणि तेवढे जमायला सहा वर्षे लागली. ज्या थायलंडच्या बंदरातून ‘कुनलुन’ पळाले, तो देश मे २०१६ मध्ये करारात आला, आणि ५ जून २०१६ रोजी करार लागू झाला. ५ जून हा आता बेकायदा मासेमारीविरोधी दिवस म्हणूनही पाळला जातो.

कराराची रीत साधी आहे. परक्या देशाच्या मासेमारी जहाजाने ठरवून दिलेल्या बंदरातच यायचे. येण्याआधी नाव, निशाण, परवाना, पकडलेली मासळी, समुद्रात कोणाकडून माल घेतला काय, हे कळवायचे. संशय असेल तर बंदर प्रवेश नाकारू शकते किंवा केवळ तपासणीपुरते आत घेऊ शकते. दोष सापडला तर मासळी उतरवायची नाही, डिझेल नाही, सामान नाही, दुरुस्ती नाही. जहाज वा माणसे संकटात असतील तर मात्र आसरा द्यायचाच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही बातमी निशाणवाल्या देशाला आणि इतर बंदरांना कळवायची, म्हणजे चोराला शेजारचा दरवाजा उघडा मिळणार नाही. शेजारच्या देशातून पोटापुरती मासळी मारणाऱ्या लहान होड्यांना यातून सवलत देता येते, हेही सांगायला हवे.

याचे फळ दिसले. ‘एसटीएस-५०’ नावाचे एक जहाज २०१६ मध्ये चीनच्या बंदरात टूथफिश उतरवताना उघडे पडले आणि निसटले. २०१८ मध्ये मोझांबिकच्या मापुतो बंदरात अडकले, तेथूनही पळाले. पण आता देशोदेशी बातमी पोचत होती. ६ एप्रिल २०१८ रोजी इंडोनेशियाच्या नौदलाने त्याला पकडले. ‘थंडर’ बुडाल्याला बरोबर तीन वर्षे झाली होती.

तरी भाबडेपणा नको. सही केली म्हणजे काम झाले, असे नसते. श्रीलंकेने २०११ सालीच हा करार स्वीकारला होता. तरीही बेकायदा मासेमारीवर पुरेशी कारवाई नाही म्हणून २०१५ च्या जानेवारीपासून युरोपने तिच्या मासळीला दार बंद केले, ते २०१६ मध्ये उघडले. गरीब देशांच्या बंदरांत तपासनीस थोडे, पगार कमी, आणि जहाजमालकांचे हात लांब. आज ऐंशीहून अधिक पक्ष या करारात आहेत. पण साखळीत एक बंदर जरी झोपलेले असले, तरी चोराला तेवढे पुरते. दहा दरवाजांच्या वाड्यात नऊ दरवाजांना कुलपे घालून काय उपयोग?

आता पुन्हा मालवणच्या धक्क्यावर येऊ. आपल्याकडे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी त्या त्या राज्याच्या कायद्याने चालते. गोव्याचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. पावसाळ्यातली बंदी पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै. प्रखर दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून मारण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. अशा दिव्यांच्या नौका एकट्या कर्नाटकाच्या नाहीत. त्या तिन्ही राज्यांत आहेत. रात्री समुद्रावर त्यांच्यामागे गस्तीनौका किती धावणार? पण सकाळी ती मासळी कोठल्या ना कोठल्या धक्क्यावर उतरतेच. एका राज्याने दोषी ठरवलेल्या नौकेला दुसऱ्या राज्याच्या धक्क्यावर बर्फ आणि डिझेल मिळाले नाही, तर? रोम आणि फुकेत येथे जे दूरदूरच्या देशांना पटले, ते मालवण, बेतूल आणि कारवार या शेजाऱ्यांना पटायला हरकत नसावी. त्यासाठी भाषा एक असावी लागत नाही, वही एक असावी लागते.

सीमाभागात आयुष्य गेल्यामुळे रेषेचे दुःख मला ठाऊक आहे. कोणतीही तक्रार येथे पाहता पाहता ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ यांच्या भांडणात जाते, आणि मूळ चोर बाजूला उभा राहून हसतो. त्या मुलाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही, याची रुखरुख अजून आहे. तो आता कोठे असेल कोण जाणे. भेटला तर सांगेन, “बाळ, ट्रॉलर कोठला हे नंतर पाहू. आधी ती मासळी कोणत्या धक्क्यावर उतरली आणि तेथे कोणी विचारले का, ते पाहू.”