ओरखडा कोणाचा?

अमेरिकेत ऑनसाईट गेलेल्या मराठी पोरांना पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास पडतात. एक, इथे धड चहा कुठे मिळतो? दुसरा, भाड्याच्या गाडीच्या काऊंटरवर "डॅमेज वेव्हर हवं का?" असं विचारतात तेव्हा काय म्हणायचं? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्या प्रश्नामागे मात्र शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो चांगलाच रंजक आहे.

१९१६ च्या सुमारास नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात जो सॉन्डर्स हे गृहस्थ फोर्ड मॉडेल टी भाड्याने देऊ लागले. चाकाला मीटर, दर मैलाला १० सेंट. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्जने डझनभर मॉडेल टी घेऊन हाच धंदा मांडला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झने विकत घेतला. हो, तोच तो हर्ट्झ!

आता मालकाच्या जागी बसून बघा. अनोळखी माणूस येतो आणि तुमची महागडी वस्तू घेऊन नजरेआड होतो. गाडी किती फिरली ते मीटर सांगेल. पण पोचा पडला तर भरून कोण देणार? आणि पठ्ठ्या परत आलाच नाही तर? पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं.

१९४६ मध्ये वॉरन एव्हिसने मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि प्रश्न अजून अवघड झाला. गिऱ्हाईक आता परगावचं, ओळखपाळख शून्य. अशा वेळी कार्ड मदतीला आलं. १९५० मध्ये डायनर्स क्लब निघालं. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरात ६०,००० लोकांना न मागता कार्डं पाठवली. त्याच कार्डाचं १९७६ मध्ये 'व्हिसा' झालं. त्याआधी १९७३ मध्ये त्यांची कॉम्प्युटरवरून मंजुरी देणारी यंत्रणा सुरू झाली होती.

आपल्या भाषेत सांगायचं तर डिपॉझिट म्हणजे लॉक. ट्रान्झॅक्शन कमिट होत नाही, पण तेवढी रक्कम दुसरीकडे वापरता येत नाही. गाडी नीट परत आली की लॉक सुटतो. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडकते, डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचे पैसे. म्हणूनच अमेरिकेत नवा आलेला, क्रेडिट हिस्टरी नसलेला माणूस इथे मार खातो. खात्यात पैसे असतात, पण त्याच्यासाठी शब्द टाकणारी बँक नसते.

हे झालं डिपॉझिटचं. पोच्याचं काय? तिथे आलं डॅमेज वेव्हर. गंमत म्हणजे हा विमा नव्हेच! "इतके पैसे जादा दे, नुकसान झालं तर तुझ्याकडून वसूल करणार नाही," असं कंपनीनेच दिलेलं वचन. पूर्वी गिऱ्हाइकाची जबाबदारी काही शे डॉलरपुरती असायची. १९८० च्या दशकात कंपन्यांनी ती वाढवत गाडीच्या पूर्ण किमतीपर्यंत नेली. भीती वाढली तशी वेव्हरची विक्रीही वाढली. भाडं जाहिरातीत स्वस्त, कमाई काऊंटरवर.

त्यात १९८८ मध्ये हर्ट्झने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दुरुस्ती सवलतीच्या दरात करून घ्यायची आणि गिऱ्हाइकांना, विमा कंपन्यांना बिल मात्र चढ्या दराने लावायचं, असा प्रकार होता. जादा वसुलीचा आकडा एक कोटी डॉलरच्या वर होता.

न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून वेव्हर विकायलाच बंदी घातली आणि गिऱ्हाइकाची जबाबदारी १०० डॉलरवर आणून ठेवली. मग नुकसान आपल्याच अंगावर येतंय अशी कंपन्यांची तक्रार सुरू झाली. शेवटी २००३ मध्ये कायदा बदलला आणि वेव्हर परत आलं. मला वाटतं, दोन्ही बाजूंत तथ्य होतं. सगळी जोखीम मालकावर टाकली की भाडं सगळ्यांचंच वाढतं. सगळी गिऱ्हाइकावर टाकली की भीतीचा धंदा होतो.

याच काळात कार्ड कंपन्यांनी तिसरी वाट काढली: आमच्या कार्डाने भाडं भरा, नुकसान आम्ही बघतो. पण अटी असतात. बहुतेक वेळा काऊंटरवरचं वेव्हर नाकारावं लागतं. अनेक कार्डं तुमच्या स्वतःच्या विम्यानंतर उरलेलंच देतात. दुसऱ्याच्या गाडीला किंवा माणसाला झालेली इजा त्यात सहसा नसते. आणि गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली म्हणून बुडालेलं भाडं मिळेल की नाही, हे कार्डागणिक बदलतं.

तेव्हा निघण्याआधी कार्डाच्या अटी वाचा. भारतातलं कार्ड असेल तर बँकेला मेल टाकून लेखी उत्तर घ्या. गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंचे फोटो काढा. काऊंटरवर मागे रांग उभी असताना माणूस कशालाही हो म्हणतो. हा निर्णय घरीच करून जावा.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.